हाताला वाचता येणारी किनुए

जपानातल्या ताकेफूत माणूस काय काम करतो ते त्याच्या हातावरून कळतं. चाकू-कोयत्यांच्या भट्टीवरच्या लोकांच्या मनगटांवर ठिणग्यांचे डाग असतात. कागद गाळणाऱ्या बायकांची बोटं बाराही महिने गार पाण्यात राहून पांढुरकी होतात. किनुए साकाशिताच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळपट होती, शिशाच्या रंगाची. लग्न झालं तेव्हा सासूनं तिला तांदळाच्या कोंड्यानं हात घासायला लावले होते. डाग गेला नाही. नंतर कुणी विचारलं तर किनुए म्हणायची, "छापखान्यातल्या बाईचे हात पांढरे असले तर मालक पगार कशाचा देतो?"

मात्सुमुरांच्या छापखान्यात ती आली ती चौदाव्या वर्षी, युद्धाच्या आदल्या साली. सहा यत्ता झाल्या होत्या, आणि शेतावर खाणारी तोंडं सात होती. तिला वाटलं होतं, छापखान्यात म्हणजे झाडलोट. पण यासुबाई नावाची एक म्हातारी तिथं खिळे वेचायचं काम करायची. तिनं या मुलीची बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि तेव्हाच्या मालकांना सांगितलं, "ही मला द्या."

त्या खोलीच्या चारही भिंती खिळ्यांनी भरलेल्या होत्या. लाकडी चौकटी, चौकटीत खण, खणात शिशाचे इवलाले खिळे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. रोज लागणारी अक्षरं छातीच्या उंचीवर, हाताशी. वर्षातून दोनदा लागणारी डोक्याच्या वर नाहीतर गुडघ्याखाली. आणि आयुष्यात एकदा लागलं तर लागलं अशी, कोपऱ्यातल्या अंधाऱ्या चौकटीत. त्या चौकटीला चोरकेस म्हणत. का म्हणत कुणास ठाऊक. सगळी मिळून सहा हजारांवर घरं होती.

"वाचू नकोस," यासुबाईनं पहिल्या दिवशी सांगितलं. "वाचायला लागलीस की हात थांबतो. कागदावर अक्षर बघायचं आणि सरळ त्याच्या घरी जायचं. घरात कोण राहतो त्याच्याशी तुला काय करायचंय?"

पहिलं वर्ष किनुएनं एकही अक्षर वेचलं नाही. छापून झालेली पानं मोडायची आणि एकेक खिळा आपापल्या घरी पोचवायचा, एवढंच काम. चुकीच्या घरी गेला तर यासुबाई बोटांवर लाकडी पट्टी मारायची. दुसऱ्या वर्षी किनुएच्या डाव्या हातात छोटी लाकडी पेटी आली, पेटीच्या कडेला दुमडलेला मजकूर, आणि उजवा हात भिंतीवर फिरू लागला. विसाव्या वर्षी ती मिनिटाला तीस खिळे वेचत होती. मान न वळवता.

गंमत अशी की त्यातली निम्मी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. देवळाचा एखादा जुना लेख आला तर तिचा हात न अडखळता चोरकेसपर्यंत जाऊन यायचा, पण तोंडानं ते अक्षर म्हण म्हटलं तर ती गप्प. "हाताला येतं, तोंडाला येत नाही," असं ती म्हणायची, आणि त्यात तिला लाजही वाटत नसे.

तोंडाला जे आलं ते तिनं रद्दीतून मिळवलं. तेव्हाच्या मासिकांत अवघड चिनी अक्षराच्या बाजूला मुंगीएवढ्या हिरागानात, म्हणजे बोलू तसं लिहायच्या आपल्या साध्या लिपीत, त्याचा उच्चार छापलेला असायचा. कुणी माशाला गुंडाळून आणलेलं पान असलं तरी किनुए ते धुऊन, वाळवून वाचायची. मोठं अक्षर ओळखीच्या घरातलं, आणि बाजूला त्याचं नाव सांगणारी मुंग्यांची रांग. अशी दोनेक हजार अक्षरं तिच्या जिभेवर आली.

मग युद्ध संपलं आणि सरकारनं अक्षरांचे केस कापले. हजार-दोन हजार अक्षरं पुरेत, त्यांच्याही रेघा कमी करा, असं ठरलं. बाजूच्या मुंग्याही गेल्या. किनुएनं वर्षभर जुन्या खिळ्यांना घराबाहेर काढून नवे वसवले. यासुबाई तोवर वारली होती. किनुए तिच्या जागी उभी राहू लागली, आणि पुढची चाळीस वर्षं तिथंच उभी राहिली. मधल्या काळात तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन ओसाकाला गेली. नवरा एइकिची चाकू घडवायचा. बोलायचा कमी. त्याला अक्षरांचं वावडंच होतं. वर्तमानपत्रात तो हवामान आणि सुमोचे निकाल एवढंच बघायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

एक्याऐंशी साली हिवाळ्यात बर्फ असं पडलं की लोक दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करत होते. त्या बर्फात हिनो नदीपलीकडे उशिजिमा गुरुजी दोन महिने घरात अडकून पडले. वय चौऱ्याहत्तर, बायको आधीच गेलेली, बोलायला कुणी नाही. मार्चमध्ये रस्ते मोकळे झाले तेव्हा ते रबरी बूट घालून छापखान्यात आले आणि मालकांच्या मेजावर एक गठ्ठा ठेवला.

"आपल्या भाषेची जन्मकथा," ते म्हणाले. "तीनशे प्रती काढायच्या. वेष्टनाला इथलाच हातकागद."

मालक मात्सुमुरा पंचेचाळिशीचे. गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. तसं अर्धं गाव गुरुजींच्या हाताखाली शिकलेलं होतं, एइकिचीसुद्धा. मालकांनी पहिलं पान उचललं, दुसरं उचललं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, यात चिनी अक्षर एकही दिसत नाही."

"नाहीच आहे. सगळं हिरागानात. चिनी शब्दही नाही एकही. आजी-पणजी ज्या शब्दांत बोलली त्या शब्दांत. उसना अंगरखा घालून मी माझ्याच आईची गोष्ट सांगू?"

मालकांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि गठ्ठा किनुएकडे आणला.

गुरुजींना घरी करमत नसे, म्हणून ते रोज दहाच्या सुमाराला येऊन किनुएच्या मागे स्टूल घेऊन बसू लागले. ती वेचायची, ते बोलायचे. किनुएला आवाजाची सवय होती. यंत्राचा काय, गुरुजींचा काय.

"बाई, चिनी माणूस म्हणतो, मी खातो भात. आपण म्हणतो, मी भात खातो. आपलं क्रियापद घरातल्या म्हाताऱ्यासारखं, सगळे पुढे गेल्यावर शेवटी दार लावून येतं. तोवर ऐकणाऱ्याला कळत नाही की हा खातो, की खात नाही, की खायचा नुसता विचार आहे."

"आमच्या घरी तर तेवढंही येत नाही," किनुए म्हणाली. "आमचा नवरा नुसता 'भात' म्हणतो."

"आणि शब्दांच्या मागे आपल्या शेपट्या. ला, ने, त, चा. चिनी अक्षरांना शेपट्याच नाहीत. दीड हजार वर्षांपूर्वी ती अक्षरं समुद्रावरून आली तेव्हा आपल्याला लिहिणं माहीतच नव्हतं. जे मिळालं ते चढवलं अंगावर. माप दुसऱ्याचं. मग शेपट्या लिहायला आपण हिरागाना बनवला. म्हणजे अंगरखा त्यांचा, बाह्या आपल्या."

किनुएचा हात चालूच होता. "मग आता नुसत्या बाह्या घालून हिंडायचं म्हणता, गुरुजी?"

पलीकडे मालक चहा पीत होते. त्यांना ठसका लागला. गुरुजी त्या दिवशी साडेअकरालाच घरी गेले.

किनुएला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या स्टुलावर उशी आणून ठेवली. गुरुजी आले, बसले, आणि काही न झाल्यासारखं पुढचं प्रकरण सांगू लागले.

खरी अडचण वेगळीच निघाली. हिरागानाची अक्षरं पन्नासच्या आसपास. नेहमीच्या मजकुरात ती चिनी अक्षरांच्या मधून मधून पेरलेली असतात, म्हणून त्यांचे खिळे जेमतेम पुरतात. इथं सगळीच पानं त्यांची. आठव्या पानावर 'नो'चं घर रिकामं झालं. दहाव्यावर 'नि' संपला, 'रु' संपला. भिंतीवरची बाकीची हजारो घरं गच्च भरलेली, कुणी बाहेर पडायला तयार नाही, आणि या पन्नास घरांत मात्र दुष्काळ.

"शेजारच्या साबाए गावच्या छापखान्यातून उसने आणू," मालक म्हणाले. ते स्वतः जाऊन डबाभर खिळे घेऊन आले. त्यावर आणखी सहा पानं निघाली. मग पुन्हा खडखडाट.

"मालक, हे असं पावसाळ्यापर्यंत चालेल," किनुए म्हणाली.

"तुम्ही सांगा त्यांना."

"मी? तुम्ही मालक आहात."

"त्यांनी मला पाढे चुकले म्हणून व्हरांड्यात उभं केलेलं आहे, किनुएबाई. मी त्यांच्यापुढे अजून व्हरांड्यातच आहे."

निघालेली सोळा पानं तपासायला किनुएनं रविवारी घरी नेली. जेवण झालं होतं. एइकिची शेगडीजवळ बसून कुणाच्यातरी कोयत्याला मूठ बसवत होता. किनुएनं चष्मा लावला आणि वाचू लागली, पण डोळे सटकायला लागले. आपल्या लिहिण्यात शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नाही. चिनी अक्षर आलं की तिथं नवा शब्द सुरू झाला असं कळतं, ते खुंटीसारखं असतं. इथं खुंट्याच नव्हत्या. ओळ म्हणजे नुसता शेवयांचा घोळ. मग तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, कानाला तरी कळेल म्हणून.

अकराव्या पानावर एक ओळ होती. "उरानिवातोरिगाइरु."

किनुएनं ती दोनदा वाचली. आमच्याकडची जुनी माणसं स्वतःला 'उरा' म्हणतात. 'निवातोरि' म्हणजे कोंबडी, 'इरु' म्हणजे हवी. तिनं तसं तोडून वाचलं, "उरा, निवातोरि गा इरु," आणि पुढे गेली. एइकिचीनं हातातली मूठ खाली ठेवली.

"कुणी म्हटलंय हे?"

"गुरुजींनी."

"गुरुजींनी लिहिलंय? मला कोंबडी हवी म्हणून?"

"लिहिलंय खरं. पुढचं ऐका, मला जोड लागत नाहीये."

एइकिचीनं पुढचं काही ऐकलं नाही. किनुएला ते कळलंही नाही, कारण त्याचं ऐकणं आणि न ऐकणं बाहेरून सारखंच दिसायचं.

सोमवारी गुरुजी दहाच्या ऐवजी साडेआठलाच आले. त्यांच्या काखेत एक निळा कापडी बोचका होता, आणि बोचक्यातून एक लाल तुरा बाहेर आला होता.

"बाई," ते म्हणाले, "काल संध्याकाळी तुमचा नवरा माझ्या दारात आला. हे माझ्या हातात दिलं. म्हणाला, 'गुरुजी, अंडी देते, तीन वर्षांची आहे, स्वभावानं शांत आहे.' वाकून नमस्कार केला आणि सायकलवर बसून गेला. मी विचार करतोय काल रात्रीपासून. याचा अर्थ काय?"

किनुएचे कान लाल झाले. यंत्रावरची माणसं काम थांबवून बघू लागली. बोचक्यानं एकदा कुरकुर केली.

"गुरुजी, तुम्ही लिहिलंय ना तसं. अकराव्या पानावर. मला कोंबडी हवी म्हणून."

"मी? कुठं?"

तिनं पान काढून दाखवलं. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ओळीला नाक लावलं.

"हे 'उरा' नाही. 'उरानिवा'. परसात. उरानिवा, तोरि गा इरु. परसात पक्षी आहे. 'इरु' म्हणजे इथं 'हवी' नाही, 'आहे'. निवा म्हणजे अंगण, तोरि म्हणजे पक्षी. अंगणात राहणारा पक्षी म्हणून निवातोरि, कोंबडी. शब्द कसा जन्मला ते मी सांगतोय इथं."

"हो का," किनुए म्हणाली. "छान आहे हे. मला माहीत नव्हतं. पण वाचताना कळलं नाही."

"मोठ्यानं वाचलंत तर कळेल."

"मोठ्यानंच वाचलं होतं. म्हणून तर कोंबडी गेली."

मालकांनी पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. गुरुजी मात्र गंभीर होते. तोक्योच्या माणसाच्या आवाजाला चढउतार असतो, त्यावरून शब्द वेगळे कळतात. पूल, जेवायच्या काड्या आणि कडा, तिन्हींना 'हाशि'च म्हणतात, पण तो तिन्ही वेगळ्या सुरात म्हणतो. ताकेफूच्या जिभेला तो सूरच नाही. आमचं सगळं सपाट. हे गुरुजींना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच त्यावर चौथं प्रकरण लिहिलं होतं.

ते स्टुलावर बसले. बोचका मांडीवर घेतला. बराच वेळ कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"माझ्या आईला हिरागाना तेवढाच येत होता," ते म्हणाले. "मी शिक्षक व्हायच्या शाळेत शिकत होतो तेव्हा तिची पत्रं यायची. सगळी हिरागानात. बरोबरची मुलं हसायची. मी ती पत्रं लपवून वाचायचो. पुढे मी शिकून मोठा झालो, तीन लेख छापून आले माझे. तिला दाखवले. तिनं पान हातात धरलं, असं, उलटं. म्हणाली, 'किती सुंदर काळं काळं आहे.' तेव्हाच ठरवलं होतं, एक पुस्तक असं लिहायचं की जे तिला वाचता आलं असतं."

 मग किनुएनं हातातली पेटी खाली ठेवली. पस्तीस वर्षांत तिनं कामाच्या वेळेत पेटी खाली ठेवलेली कुणी पाहिलं नव्हतं.

"त्यांना हेही वाचता आलं नसतं, गुरुजी. पत्र वेगळं. पत्रात लेकाला माहीत असतं की आई काय म्हणणार. हे तिऱ्हाइताचं बोलणं आहे, आणि खुंट्या नाहीत." ती थोडं थांबली. "माझंही शिक्षण सहावीच. मला वाचायला मासिकांनी शिकवलं. मोठं अक्षर, आणि बाजूला बारीक हिरागाना. मोठं कळलं नाही तर बारीक वाचायचं. बारीक वाचता वाचता मोठं कळायला लागायचं. तुमच्या आईंच्या हातात तसं पान दिलं असतं तर त्यांनी ते सुलटं धरलं असतं."

"ते जुनं झालं. सरकारनं बंद केलं."

"आपण काही सरकारचं पुस्तक छापत नाही," मालक पाठमोरेच म्हणाले.

"पण मग चिनी अक्षरं आली," गुरुजी हट्टानं म्हणाले. "तोच उसना अंगरखा."

"गुरुजी, तुम्ही मला अक्षरं शिकवू शकता, मी तुम्हाला नाही," किनुए म्हणाली. "पण माझ्या हाताला एक जाणवलंय. छपराखाली बसलेली बाई, 'शांत' असं म्हणतो ते अक्षर. आणि हिरागानातला 'आ'. दोघांची वळणं एकच आहेत. भराभर लिहून लिहून ती बाई झिजली आणि 'आ' झाली. असं मला वाटतं. खोटं असेल तर सांगा."

"खरं आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मास्तरी झाला. "अगदी खरं आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. रोज दोघी हातात येतात. म्हणजे बाह्याही त्याच कापडाच्या ना? चिनी लिपी सून म्हणून घरात आली, दीड हजार वर्षं नांदली, तिची लेकरंबाळं झाली. आता तिला पाहुणी म्हणून ओसरीवर बसवायचं, हे मला बरं वाटत नाही."

गुरुजी उठले. कोंबडी काखेत घेतली आणि दारापर्यंत गेले. तिथून वळून म्हणाले, "ती बारीक अक्षरं आहेत का अजून तुमच्याकडे?"

होती. माळ्यावर सहा डबे होते, तेलकट कागदात गुंडाळलेले. किनुएनंच ते तेव्हा वितळवायला जाऊ दिले नव्हते. मालकांच्या वडिलांना तिनं सांगितलं होतं की उंदरांमुळे माळ्यावर जाता येत नाही.

गुरुजींनी सगळा गठ्ठा पुन्हा लिहून काढला. त्यात उन्हाळा गेला. घरचे शब्द त्यांनी ठेवलेच, पण आता त्यांना खुंट्या आल्या, आणि प्रत्येक खुंटीला बाजूला मुंग्यांची रांग. किनुएला दुप्पट काम पडलं. बारीक खिळे तांदळाच्या दाण्याएवढे. ते चिमट्यानं उचलावे लागत. तिचे डोळे पंचावन्न वर्षांचे होते, पण ती दिवसाचं पान पुरं केल्याशिवाय उठत नसे. एइकिचीनं तिला त्यासाठी एक चिमटा घडवून दिला.  नुसता डब्यावर ठेवून गेला.

शेवटचं प्रकरण ऑक्टोबरात आलं. जपानी भाषा मुळात आली कुठून, हा त्याचा विषय. गुरुजींनी सगळी मतं मांडली होती. कुणी म्हणतं उत्तरेकडून, मंगोल आणि तुर्कांच्या बाजूनं, कारण वाक्याची ठेवण तशी. कुणी म्हणतं दक्षिणेकडच्या बेटांवरून होड्यांतून, कारण आपले शब्द त्यांच्यासारखे उघड्या तोंडानं संपतात. कोरियाची भाषा व्याकरणानं सख्खी बहीण वाटते, पण शब्द जुळवायला जावं तर परकी. आणि त्या वर्षी वर्तमानपत्रांत येत होतं की कुणी विद्वान थेट दक्षिण भारतातल्या तमिळशी नातं लावतो. हे सगळं सांगून झाल्यावर प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, आपली भाषा अमुक ठिकाणाहून आली. ते अमुक ठिकाण गुरुजींनी इतक्या वेळा लिहून खोडलं होतं की तिथं कागदाला भोक पडलं होतं.

गुरुजी त्या आठवड्यात सर्दीनं अंथरुणात होते. काम थांबवायचं नाही म्हणून किनुएनं नेहमीचं केलं. मजकुरातलं अक्षर मिळालं नाही की त्या जागी एक कुठलाही खिळा उलटा घालतात. त्याचं बूड छापलं जातं. दोन जाड आडव्या रेघा, ओल्या मातीत लाकडी खडावेचे दात उमटावेत तशा. त्याला आम्ही खडावच म्हणतो. प्रूफ बघणाऱ्यानं ती बघायची, बरोबर शब्द सांगायचा, खडाव निघते आणि खिळा बसतो.

गुरुजी बरे होऊन आले. प्रूफ हातात घेतलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले. किनुए पेन्सिल घेऊन उभी.

"काय घालायचं इथं, गुरुजी? कागदाला भोक होतं."

गुरुजींनी ओळ मोठ्यानं वाचली. "आपली भाषा खडावेहून आली." मग पुन्हा वाचली, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. ते आवाज न करता हसायचे. डोळ्यांतून पाणी आलं तसा त्यांनी रुमाल काढला.

"राहू दे," ते म्हणाले. "हेच बरोबर आहे."

"गुरुजी, असं छापलं तर लोक म्हणतील, मात्सुमुरांकडे खिळे नाहीत," मालक काकुळतीला आले.

"म्हणू देत. या जागेचा खिळा माझ्याकडेही नाही. कुणाकडेच नाही."

मालकांनी दोन दिवस समजूत घालायचा प्रयत्न केला. खडाव तशीच राहिली.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखक, छापणारा, गाव, तारीख अशी माहिती असते. गुरुजींनी त्यात एक ओळ वाढवली होती. खिळे वेचणारी, साकाशिता, आणि पुढे जागा कोरी.

"तुमचं नाव कसं लिहायचं?" त्यांनी विचारलं. "रेशीम आणि फांदी, अशी दोन अक्षरं घालूया? 'किनुए' असंच वाचतात. फार सुरेख दिसतील."

किनुएनं मान हलवली. "माझं नाव जन्माच्या नोंदीत त्या सरळ रेघांच्या सोप्या काताकानात आहे. तीन अक्षरं. बापाला तेवढीच लिहिता येत होती. नोंदायला तो बर्फातून चालत गेला होता, म्हणे, आणि वाटेत बोटानं हवेत गिरवत गेला, विसरू नये म्हणून."

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. "मग तशीच."

काताकानाचं घर उजवीकडे खाली होतं. किनुएनं तिथून तीन खिळे उचलले आणि पेटीत ठेवले. एवढ्या वर्षांत लाखो माणसांची नावं तिच्या हातून गेली होती. लग्नाची, मेल्याची, दुकानांची. आपलं नाव जुळवायची वेळ पहिलीच. तिनं ते तिघे एकदा अंगठ्यानं सरळ केले. मग वेचलेले खिळे पानात बसवणाऱ्या जुळाऱ्याकडे पेटी देताना म्हणाली, "तिरकं बसवू नकोस."

पुस्तक नोव्हेंबरात निघालं. एका प्रतीत कुणीतरी खडावेच्या जागी पेन्सिलीनं 'ताकेफू' असं लिहून ठेवलं होतं. गुरुजींनी ती प्रत मागून घेतली आणि आपल्याकडे ठेवली. पोस्टातला एक माणूस छापखान्यात येऊन चूक दाखवून गेला. मालकांनी त्याला चहा पाजला आणि काही सांगितलं नाही. त्याच वर्षी सरकारनं रोजच्या वापरासाठी अक्षरांची नवी यादी काढली, पहिल्यापेक्षा थोडी लांब. किनुए यादी हातात घेऊन भिंतीपुढे उभी राहिली आणि बोटं मोजून म्हणाली, "पंच्याण्णव परत आलीत. जागा कुठं द्यायची?"

पाच वर्षांनी छापखान्यात नवं यंत्र आलं, प्रकाशानं अक्षरं उमटवणारं, आणि किनुए घरी बसली. तिला दुःख झालं का, असं मुलीनं फोनवर विचारलं. "पाय दुखायचे थांबलेत," किनुए म्हणाली. खिळे भंगारात गेले, त्यातलं मूठभर एइकिचीनं मागून आणलं. काय करणार विचारलं तर म्हणाला, "असू देत."

गुरुजी ब्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. ती कोंबडी त्यांच्याकडेच राहिली होती. पुढे तिच्या दोन मुलीही राहिल्या. गुरुजी अंड्यांची पिशवी घेऊन एइकिचीकडे यायचे, दोघं मुळ्याचा कीस घातलेल्या सोबाच्या शेवया खायला जायचे आणि तासभर न बोलता बसायचे. गुरुजींनाही एवढं गप्प बसता येतं हे किनुएला तेव्हा कळलं.

आता गुरुवारी दुपारी गावच्या सभागृहात आठ-दहा म्हाताऱ्या जमतात. थंडीत मधोमध समुद्री शेवाळ घालून घट्ट केलेल्या गार, गोड वड्यांची थाळी असते, ताकेफूत ती थंडीतच खातात. पुस्तक गुरुजींचंच. एकेकीनं एकेक पान मोठ्यानं वाचायचं. बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचतात, डोळे दमले की मोठ्यावर जातात. परवा हाराबाई वाचत होत्या, शहाऐंशी वर्षांच्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "किनुएबाई, हे मोठं अक्षर मी बाजूचं न बघता वाचलं."

"कोणतं?"

"हे बघा. 'पाणी'."

"ते तर पहिलीतलं आहे," शेजारची म्हणाली.

"तू गप्प बस. तू पहिलीत गेली होतीस, मी नाही."

किनुएनं थाळी हाराबाईंच्या पुढे सरकवली आणि म्हणाली, "वाचा पुढे. तुमच्या पानाच्या अजून चार ओळी आहेत."